मागे बसणारीला विचारा

आज दुपारी शालिकराम धकाते माझ्याशी दोन-चार वाक्यं बोलला आणि मध्येच खोकत उभा राहिला. तेव्हापासून एकच घोर लागला आहे. हा माणूस या हिवाळ्यात गेला, तर लोक त्याला कुठल्या नावानं आठवतील? सीताबर्डीवर आजही त्याचा विषय निघाला की कुणीतरी हसत विचारतं, "कोण, तो भुसावाला का?" हे नाव त्याला कशामुळे पडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाच्या शब्दावरून पडलं ते तिघांना ठाऊक होतं. त्यातले आमचे हे, गोपाळराव, तीन वर्षांपूर्वी गेले. उरलो तो आणि मी. तो कधी बोलला नाही. मीही बोलले नाही, पण त्याच्या न बोलण्याची आणि माझ्या न बोलण्याची जात एक नाही.

त्रेसष्ट साली तो पहिल्यांदा आमच्या घरी आला. आमच्याकडे एक हिरवी मोटार होती, जुनीच घेतलेली. तिच्यातून घरघर यायला लागली होती. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन उघडावं लागेल असं सांगितलं होतं. तिसऱ्याने आपल्याकडचा एक मिस्त्री पाठवला. किडकिडीत, अठ्ठावीस-तीस वर्षांचा, खाकी हाफपँट, आणि हात इतके स्वच्छ की हे म्हणाले, "हा कसला मिस्त्री?"

त्याने बॉनेट उघडलंच नाही. म्हणाला, "साहेब, तुमी बाजूले बसा. गाडी मी चालवतो. बाई कुठं बसतात?"

"मागे. का?"

"मंग बाईलेही घ्या."

"तिला गाडीतलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच पायजे जी. तुमाले कळते, तं तुमी आधीच ठरवून बसले का इंजिन गेलं. चालवणाऱ्याले आवाजाची सवय होऊन जाते. मागं बसणारीले होत नाही."

मी सहा वर्षांच्या मुकुंदला मांडीवर घेऊन मागे बसले. शालिकराम म्हणाला, "बाई, डोळे मिटा. आवाज बदलला का फक्त हं म्हणा." गाडी जागेवर उभी, नुसतं इंजिन सुरू. घरघर होतीच. त्याने क्लच दाबला, घरघर थांबली. मी म्हटलं, हं. त्याने पाय उचलला, पुन्हा सुरू. हं. मुकुंदही हं हं करायला लागला. तो आरशातून बघून म्हणाला, "बाबू, तू चूप बस. तुहं इंजिन अलग आहे."

मग अंबाझरीच्या रस्त्यावर फेरी. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये आवाज. चौथा पडला आणि गाडी शांत. मी हं म्हणायच्या आतच त्याने मान हलवली.

"इंजिनले हात नोका लावू देऊ कोणाले. क्लच दाबला का आवाज मरते, म्हणजे दुखणं गिअरबॉक्सच्या आत आहे. चौथ्यात ताकद सीधी जाते, खालच्या दांड्यावर वजन येत नाही, म्हणून चौथ्यात चूप. खालच्या दांड्याचं बेरिंग गेलं."

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा तेच निघालं. हे कुणाचं कौतुक सहसा करत नसत. त्या दिवशी त्यांनी त्याला आपल्या कपातून चहा दिला. त्या काळी आमच्या घरात ती मोठी गोष्ट होती, आणि आम्हाला तिचा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आता लाज वाटते. मी त्याला अरेतुरे करायची. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता.

हा कान त्याला कुठून मिळाला ते त्याने एकदा सांगितलं. कोष्ट्याचं घर. वडील मारोतराव उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. लहानपणी शालिकराम मागाशेजारी भिंतीला टेकून बसायचा. वडिलांना संध्याकाळी कमी दिसायचं, म्हणून याचं काम एकच, आवाज ऐकायचा. "धोटा सुतातून सीधा गेला का एक आवाज, घासून गेला का दुसरा. पावडी दाबली का माग वेगळा बोलते. धागा तुटाच्या आधी समजे मले." पुढे सुताचं काही खरं राहिलं नाही, माग विकला, पोरगा नागपुरात गॅरेजात लागला. "पावडीच्या जागी पेडल आलं, बाई. बाकी सारं तेच."

अडुसष्टपर्यंत त्याचं स्वतःचं टिनाचं शेड झालं होतं, आणि त्याची ती पद्धत सीताबर्डीभर माहीत झाली होती. गाडी आणायची तर मागे बसणारीला सोबत आणायचं. पुरुष चिडायचे, पण आणायचे. एकदा एका वकिलांनी नाइलाजाने सासूबाईंना आणलं. वकील म्हणाले, "यांना काय विचारतोस? मी बोललेलं यांना ऐकू येत नाही."

"तुमचं नसन येत जी," शालिकराम म्हणाला, "गाडीचं येत असन. सांगा आजी, कोणत्या टायमाले कुरकुरते?"

आजी ताडकन म्हणाल्या, "वळताना. डावीकडे वळताना. दोन महिने सांगते आहे."

डाव्या चाकाचं बेरिंग गेलेलं होतं. वकिलांनी सासूबाईंना परत नेताना पुढे बसवलं, असं लोक सांगत.

त्याची मुलगी चंद्रकला. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली. त्याच्या घरात सगळे म्हणत होते, पुरे, आता लग्न. तो तिला घेऊन माझ्याकडे आला. मी बी.ए. झालेली, घरी बसलेली, मला कुणीतरी शिकवायला हवंच होतं. दोन वर्षं मागच्या पडवीत तिला शिकवलं. ती पास झाली, पुढे डी.एड. झाली, उमरेडला शाळेत लागली. निकालाच्या दिवशी शालिकराम एक लुगडं घेऊन आला. वडिलांनी माग विकण्याआधी विणलेलं शेवटचं. मी नको नको म्हणत घेतलं. ते अजून माझ्या ट्रंकेत आहे. एकदाही नेसले नाही.

पंच्याहत्तर साली हिरवी गाडी पुन्हा ओरडायला लागली. या वेळी घरघर नव्हती, भोंग्यासारखा लांब आवाज होता, आणि तो सगळ्या गिअरमध्ये होता. शालिकरामने उघडून दाखवलं. दातेच झिजले होते. जुन्या बनावटीचा माल मिळत नव्हता. तो म्हणाला, "हिले आता सांगून विका. घेणारा भंगाराच्या हिशोबानं घेईन."

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात मुकुंदला कर्नाटकातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळत होती. देणगी भरायची होती. भंगाराच्या हिशोबाने ती भरली गेली नसती. एका दलालाने यांना युक्ती सांगितली. गिअरबॉक्सच्या तेलात आरागिरणीचा बारीक भुसा घालायचा. दाते भुशात बसतात, आवाज दबतो. दोन-तीन महिने गाडी नव्यासारखी गप्प चालते. मग तो भुसा तेलाची वाट अडवतो, बेरिंग कोरडं पडतं आणि सगळं जाम होतं. तोवर गाडी दुसऱ्याची झालेली असते.

यांनी शालिकरामला बोलावून सांगितलं. तो अंगणातच उभा राहिला.

"साहेब, आवाज म्हणजे गाडी सांगून राहिली का मले दुखते. तिच्या तोंडात बोळा कोंबू का म्या?"

"उपदेश नको. करतोस की दुसरा पाहू?"

"दुसरा पाहा जी."

दुसरा पाहता आला असता. पण गाडी शालिकरामच्या हातची म्हणूनच तिला गिऱ्हाईक येणार होतं. सगळं गाव विचारणार होतं, शालिकरामने पाहिली का? हे मला म्हणाले, "प्रेमिला, तो तुझं ऐकेल."

मी गेले. कुणी ढकललं नाही, मी माझ्या पायांनी त्याच्या शेडपर्यंत चालत गेले. ते आता नाहीत म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण ते वाक्य माझं होतं. मी म्हटलं, "शालिकराम, चंद्रकलेला दोन वर्षं शिकवलं, तेव्हा मी काही मागितलं होतं का?"

तो फडक्याने हात पुसत होता. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"बरं झालं बाई, तुमी बोलल्या," तो शेवटी म्हणाला. "मले वाटे का ते तुमी असंच केलं. आता फिटून जाईन. पण एक आयका. घेणाऱ्याले माहं नाव नोका सांगू. बस, तेवढं."

मी कबूल केलं. त्याने रात्रीतून काम केलं. सकाळी गाडी अंगणात उभी होती, आणि सुरू केली तर नुसती कुजबुजत होती.

आठव्या दिवशी कन्हानचे रुपराव आले. त्यांच्या पत्नीला, कांताबाईंना, दर पंधरा दिवसांनी धंतोलीत दवाखान्यात आणावं लागे. बसचे धक्के त्यांना सोसत नसत. म्हणून गाडी. साधा माणूस. फेरी मारून आले, व्हरांड्यात बसले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा हे सांगत होते, "अहो, शालिकरामच्या हातची गाडी आहे. पहिल्यापासून."

मी ट्रे धरून उभी. रुपरावांनी कप उचलला आणि एकदम माझ्याकडे वळले.

"तो मिस्त्री म्हणते ना, मागं बसणारीले इचारा. तं सांगा बाई, तुमी मागं बसता. आवाज काही?"

मी म्हटलं, "काहीच आवाज नाही."

ते खरं होतं. म्हणून तर ते इतकं वाईट होतं.

सव्वादोन महिन्यांनी कामठीच्या अलीकडे भर रस्त्यात गाडीची चाकं जागच्या जागी अडकली. कांताबाई आत होत्या. वाचल्या. मी तेच पहिल्यांदा विचारलं होतं, आणि वाचल्या म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला होता. पण भर उन्हात ती आजारी बाई तीन तास रस्त्याकडेला चादरीवर पडून होती. कामठीच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडला तेव्हा तेलात भिजलेला भुसा मुठीमुठीने निघाला.

रुपरावांनी तो डब्यात भरला आणि सीताबर्डीला आणून शालिकरामच्या उंबऱ्यावर ओतला. दुपारची वेळ, पाच-सहा गाड्यांचे मालक उभे. त्यांनी विचारलं, "हे तू भरलं का?"

"हो. म्या भरलं."

"काहून? कोणाच्या सांगण्यावरून?"

शालिकराम म्हणाला, "हात माहे आहेत."

एवढंच. हे सगळं मला दलालाने हसत हसत येऊन सांगितलं. रुपराव आमच्याकडेही आले होते. यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "आम्हालाही फसवलं हो त्याने." मी आत होते. दाराआड नव्हते, दारात होते. रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही.

वर्षभरात शेड बंद झालं. ज्याच्या कानावर लोक विश्वास ठेवत होते, त्याच्याकडे कुणी पंक्चर काढायलाही जाईना. काही दिवस तो ट्रकच्या अड्ड्यावर ग्रीस भरत होता, मग तिथेही पोरं ओरडायला लागली, "ए भुसावाले, माझ्या सायकलीत भर ना थोडा!" चंद्रकला मला कधी रस्त्यात दिसते. वाकून नमस्कार करते, "मॅडम, तब्येत कशी आहे?" म्हणून विचारते. म्हणजे त्याने पोरीलाही सांगितलेलं नाही. तिने तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मुकुंद इंजिनिअर झाला. कोराडीला वीज केंद्रात नोकरी, क्वार्टर, घरात फोन.

आता आजचं.

मुकुंदने जुनी मोटार ठरवली आहे. पांढरी, चौदा वर्षांची. दलालाने एक दिवस चालवून बघायला दिली. उद्या सकाळी तो बाकीचा व्यवहार करणार आणि तशीच सुनेला आणि नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन अमरावतीला निघणार. आज मला रक्तदाब दाखवायला धंतोलीत न्यायला आला. मी सवयीने मागे बसले.

दवाखान्यातून आम्ही बाहेर आलो. मुकुंद औषधं आणायला समोर गेला. मी गाडीत बसून होते, इंजिन सुरूच. दवाखान्याच्या सायकल स्टँडवर मफलर गुंडाळलेला एक म्हातारा पत्र्याचे बिल्ले दोरीत ओवत होता. त्याने मान वर केली. मग बिल्ले खाली ठेवले आणि हळूहळू चालत गाडीकडे आला. चालकाच्या बाजूला गेला नाही. माझ्या खिडकीशी आला.

नऊ वर्षांनी मी त्याला इतक्या जवळून पाहिलं. पन्नाशीचा माणूस, सत्तरीचा दिसत होता.

"बाई, मुकुंदबाबूनं घेतली का?"

"उद्या घेतो आहे."

तो खोकला. खोकला थांबेपर्यंत एक हात गाडीच्या टपावर ठेवून होता. नंतर लक्षात आलं, तो हात ऐकत होता. मग त्याने विचारलं, "मागं बसून आल्या ना? आवाज कसा आहे?"

मी म्हटलं, "काहीच आवाज नाही."

तोंडातून निघालं आणि मला कळलं मी काय म्हटलं ते. त्यालाही कळलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत राग असता तर मी उत्तर देऊ शकले असते.

"चौदा सालाच्या गाडीले काहीच आवाज नाही?" तो म्हणाला. "खालचा बोल्ट खोलून तेल बोटावर घ्या म्हणा. माहं नाव नोका सांगू."

नऊ वर्षांपूर्वीही त्याने हेच म्हटलं होतं.

मुकुंद परत आला तोवर तो स्टँडवर पोचला होता. मुकुंदने गाडी काढता काढता तिकडे पाहिलं. "तो भुसावाला होता ना गं? काय म्हणत होता?"

"काही नाही," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी एवढंच म्हणून पाहिलं, "मुकुंद, घेण्याआधी गिअरबॉक्सचं तेल काढून बघशील का?" तो हसला. "आई, इंजिनिअर कोण, तू की मी? इतकी स्मूद गाडी मी आजवर चालवली नाही." मग म्हणाला, "त्या भुसावाल्यानं डोक्यात घातलं का काही? त्याच्यासारख्यांना सगळीकडे आपलाच धंदा दिसतो."

ज्या भुशावर याच्या कॉलेजची देणगी भरली गेली, त्याच भुशावरून हा हसत होता, आणि मी त्याला कढी वाढत होते.

मुकुंद जेवून कोराडीला गेला. आता सगळी गल्ली निजली आहे आणि मी ही पानं भरते आहे. अमरावतीच्या वाटेवरचा, कोंढाळीच्या पुढचा चढउताराचा रस्ता डोळ्यांसमोरून हलत नाही. उतारावर चाकं अडकली तर? सुनेच्या मांडीवर पोर असणार. मी खूप वाटा शोधल्या. वर्तमानपत्रात वाचलं असं सांगावं. स्वप्न पडलं म्हणावं. पोर लहान आहे, थंडी आहे, दोन दिवसांनी जा म्हणावं. दोन दिवसांनी गाडी तीच असेल. आईचं भ्यायलेलं बोलणं तो ऐकणार नाही. आईचं भिणं त्याने लहानपणापासून ऐकलं आहे, त्याला त्या आवाजाची सवय झाली आहे. शालिकराम म्हणाला असं सांगितलं तर तो फोनवरच हसेल. शालिकरामचा शब्द खरा वाटायचा असेल तर तो खोटा कुणी ठरवला ते आधी सांगावं लागेल. मुकुंदला दुसरी कुठलीही गोष्ट पटणार नाही.

म्हणजे नऊ वर्षांनी मी खरं बोलणार, तेही माझ्या मुलासाठीच. शालिकरामसाठी मी एवढ्या वर्षांत एकदाही उठले नाही. आजही मुकुंदची गाडी ओरडत असती, तर मी शांत झोपले असते. हे मला माहीत आहे आणि उद्या धंतोलीत त्याच्यापुढे उभी राहिले तर त्यालाही माहीत असेल.

सुरुवात गाडीपासून करायची नाही. गाडी म्हटलं की तो हसेल आणि माझा धीर जाईल. पहिलं वाक्य ठरवलं आहे. "मुकुंद, आपल्या हिरव्या गाडीत भुसा मी भरायला लावला होता." मग जे विचारेल ते सगळं सांगायचं. नाव सांगू नका म्हणून त्याने दोनदा सांगितलं. पहिल्यांदा ऐकायला हवं होतं तेव्हा आम्ही सांगितलं. या वेळी ते सांगायलाच हवं.

एक वाजून गेला आहे. घंटा वाजली की नात उठेल, सून घाबरेल. उठू दे. कोराडीचा नंबर एक्स्चेंजकडून जोडून घ्यावा लागतो, या वेळी लवकर मिळेल. उठते आणि फोन लावते.